पानांच्या दिवशी वाईन नाही

आमच्या घरमालकीणबाईंच्या दारावर वाईन विकत मिळेल अशी पाटी होती, पण ती मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक कॅलेंडर लटकत असायचं. चंद्र कुठल्या राशीत आहे त्यावरून त्यात प्रत्येक दिवस मुळांचा, पानांचा, फुलांचा नाहीतर फळांचा ठरलेला. फुलाफळांच्या दिवशी वाईन बोलते आणि पानांच्या दिवशी तोंड मिटून बसते, असं बाईंचं म्हणणं. म्हणून पानांच्या दिवशी त्या बाटली विकत नसत. श्टुटगार्टहून दोन-अडीच तास गाडी चालवत आलेल्या लोकांना त्या दारातच परत कधी यायचं ती तारीख सांगत आणि हातात सफरचंदांची पिशवी देऊन वाटेला लावत. एकदा एक गृहस्थ म्हणाले, मी आज पिणारच नाही, नुसती घरी नेऊन ठेवतो. बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्यावर माझा विश्वास नाही." त्या गृहस्थांना सफरचंदांच्या दोन पिशव्या मिळाल्या.

त्या घरात मी चार वर्षं राहिले. बोडनझे हे मोठं सरोवर, त्याच्या पलीकडच्या काठामागे आल्प्सची रांग, अलीकडे सफरचंदांच्या बागा, आणि गावाच्या मागच्या चढावर बाईंची एकोणीस ओळींची द्राक्षबाग. मी सरोवराकाठच्या एका कारखान्यात गिअरबॉक्सच्या चाचण्या घ्यायचे. आता मी इंगोलश्टाटला असते, दुसऱ्या कंपनीत, लिफ्ट असलेल्या इमारतीत, आणि माझ्या घरमालकाचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. सगळा व्यवहार ईमेलवर. त्यामुळेही बाई फार आठवतात.

खोली मिळाली तो प्रसंग आधी सांगते. जर्मनीत घर शोधणं म्हणजे काय ते शोधणाऱ्यालाच माहीत. पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं पत्र, बँकेची कागदपत्रं असा जाडजूड फोल्डर घेऊन मी एप्रिलमधल्या एका शनिवारी तिथे पोचले. घरात कुणी नव्हतं. मागच्या चढावर काळी फेल्टची हॅट आणि निळा एप्रन घातलेल्या एक उंच, सत्तरी ओलांडलेल्या बाई कुदळीनं खड्डा खणत होत्या. मी फोल्डर पुढे केला. त्यांनी तो घेऊन शेजारच्या खांबावर ठेवला आणि खड्ड्यातून गायीचं एक शिंग काढून माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, वास घ्या.

शिंगात शेण भरून ते शरदात पुरायचं आणि वसंतात उकरायचं, ही त्यांच्या शेतीपद्धतीतली मुख्य गोष्ट, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण मी दिंडोरी तालुक्यातली, द्राक्षबागेत वाढलेली. शेणाला बिचकणारी नव्हे. मी नाक लावलं. शेणाचा वास राहिलाच नव्हता, ओल्या मातीचा येत होता. मी शिंगातलं थोडं चिमटीत घेऊन चोळलं आणि म्हटलं, छान कुजलंय, पण तळाशी अजून थोडं कच्चं आहे. बाईंनी शिंग स्वतःच्या नाकाला लावलं, "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाल्या, आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. फोल्डर त्यांनी कधीच उघडला नाही. मला नंतर कळलं की माझ्याआधी आलेल्या सात जणांनी शिंग पाहून मान मागे घेतली होती.

बाईंनी तीस वर्षं शेजारच्या शहरात शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं. बाग वडिलांची, हॅटही वडिलांची. या सरोवराकाठी पूर्वी जी द्राक्षं असत, रॉइशलिंग आणि एलब्लिंग, ती इतरांनी कधीच उपटून टाकली होती. घड थोडे येतात, वाईन आंबट होते, खपत नाही. बाईंनी त्याच जाती ठेवल्या होत्या. काही वेली शंभरीच्या घरातल्या. सगळ्यात वरच्या, एकोणिसाव्या ओळीतल्या वेलींची जात कुठली ते तर खुद्द त्यांनाही माहीत नव्हतं. विद्यापीठातल्या कुणीतरी पानं नेऊन तपासायची तयारी दाखवली होती, पण बाई म्हणाल्या, नावावाचून त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

या वेलींशी त्या बोलत. झाडांशी बोलणारी माणसं आपल्याकडेही असतात, त्यात नवल नाही. पण बाई वेलींना "झी" म्हणत, म्हणजे अहोजाहो करत. "तुम्ही यंदा जरा डावीकडे झुकलात," असं. मी विचारलं तर म्हणाल्या, त्या माझ्याहून वयानं मोठ्या आहेत आणि त्यांनी मला अजून अरेतुरेची परवानगी दिलेली नाही. मलाही चार वर्षं त्यांनी झीच म्हटलं. मला त्या "फ्राउ इंजेनिऊर", म्हणजे इंजिनिअरबाई, म्हणायच्या. अगंतूगं फक्त त्यांच्या तीन मेंढ्यांना, ज्या हिवाळ्यात बागेतलं गवत खात आणि बाईंच्या शिव्याही.

आता एवढं वाचून कुणाला वाटेल की बाई भाबड्या होत्या. तर तसं नाही. शिंगातलं मूठभर खत पिंपभर पाण्यात टाकून ते तासभर ढवळायचं असतं. आधी एका दिशेनं, भोवरा पडेपर्यंत, मग एकदम उलट. बर्चच्या फांद्यांचा झाडू घेऊन बाई ते काम हातानं करत, आणि संध्याकाळी ते पाणी ब्रशनं बागेत शिंपडत. पण सातव्या ओळीला त्यातलं थेंबभरसुद्धा मिळत नसे. ती ओळ त्यांनी पहिल्या वर्षापासून तुलनेसाठी बाजूला ठेवली होती. तिची वाईन वेगळी, बाटली वेगळी, आणि दर वर्षी त्या चार ओळखीच्यांना दोन्ही वाईन नाव न सांगता पाजून मतं वहीत लिहून ठेवत.

मी एकदा न राहवून विचारलं, मग इतक्या वर्षांत काय निघालं?

"काही वर्षी ही, काही वर्षी ती," बाई म्हणाल्या. "मला माहीत नाही."

मी म्हटलं, माहीत नाही तर तासभर ढवळता कशाला? माझ्यातल्या इंजिनिअरला हे पटतच नव्हतं. त्या ढवळत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "हा एक तास मी फोन उचलत नाही, कुणाशी बोलत नाही, नुसती वेलींकडे बघते. एरवी कुणाकडे आपण तासभर बघतो, फ्राउ इंजेनिऊर?"

मग त्यांनी झाडू माझ्या हातात दिला. वीस मिनिटांत माझे खांदे भरून आले. पण त्या वीस मिनिटांत मला अकराव्या ओळीतला तुटलेला तारेचा आकडा दिसला, एका खोडाच्या ढोलीतून आत-बाहेर करणारा पक्षी दिसला, आणि सरोवरापलीकडच्या डोंगरांवरचा बर्फ कालच्यापेक्षा वर सरकलाय हेही दिसलं. मी ते सांगितलं. बाई म्हणाल्या, आल्झो, तर मग आकडा उद्या बसवा.

माझ्या तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये माझे वडील, अण्णा, आले. आई गेल्यापासून त्यांना कुठेतरी बाहेर काढायचं माझं चाललंच होतं. तीन महिन्यांचा व्हिसा. मला काळजी होती की मी दिवसभर कामावर गेल्यावर हा माणूस काय करणार? भाषा येत नाही, टीव्ही कळत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर अण्णा खोलीत नव्हते. माझी कानटोपी घालून ते चढावर बाईंच्या शेजारी उभे होते आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चालू होतं. अण्णा मराठीत, बाई जर्मनमध्ये.

विषय छाटणी. बाईंना अण्णांकडून, हातवाऱ्यांवरून आणि जमिनीवर काडीनं काढलेल्या चित्रांवरून, एवढं कळलं होतं की नाशिककडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये घडांसाठी गोडी छाटणी. मला बघताच त्या म्हणाल्या, विचारा त्यांना, मग वेली झोपतात कधी? मी विचारलं. अण्णा म्हणाले, झोपत नाहीत, आमच्याकडे काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे मिटलेल्या कोंबांना, पेस्ट लावून उठवतात. हे भाषांतर ऐकून बाईंनी हॅट काढली, कुणी वारल्यावर काढतात तशी. अण्णा मला म्हणाले, त्यांना सांग, तुमच्या वेली पाच-पाच महिने बर्फात उभ्या, त्यापेक्षा बरं.

त्या दिवसापासून बाई अण्णांना "हेर कोलेगं" म्हणू लागल्या. सहकारी महाशय. अण्णांना मी अर्थ सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बागेत जायला सुरुवात केली. त्यांनी बाईंना जीवामृत समजावून सांगितलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, आणि दिवसातून दोनदा ढवळायचं. बेसनावर बाईंचा विश्वास बसेना. अण्णांनी माझ्या डब्यातलं बेसन नेऊन दाखवलं. बाईंनी त्याचा वास घेतला आणि त्याचं खायला काय करतात ते विचारलं. त्या रात्री आम्ही तिघांनी पिठलं-भात खाल्ला. बाईंनी पिठलं तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, हे वेलींना घालणं म्हणजे चैन आहे.

छाटणी बाईंनी जवळजवळ उरकत आणली होती, फक्त वरची एकोणिसावी ओळ राहिली होती. कॅलेंडरप्रमाणे तिचा दिवस त्याच आठवड्यात होता. अण्णा म्हणाले, ही राहू द्या. आमच्याकडे पाऊस नडतो म्हणून आम्ही छाटणी मागेपुढे करतो, तुमच्याकडे थंडी नडते. काडीचा शेंडा आधी फुटतो. शेंडा फुटतोय तोवर खालचे डोळे दम धरतात. शेंड्याला चार पानं येऊ द्या, मग छाटा.

बाई म्हणाल्या, त्यानंतर योग्य दिवस कॅलेंडरमध्ये नाही. अण्णा म्हणाले, चंद्राला सांगा, पाहुणा आलाय. मी हे भाषांतर करू की नको अशा विचारात होते, पण केलं. बाई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खिशातली कात्री काढून अण्णांच्या हातावर ठेवली. ओळ तुमची, म्हणाल्या.

यात मला बाईंचं मन मोठं वाटलं, कारण तो वसंत त्यांच्यासाठी साधा नव्हता. गुडघे गेले होते. चढ उतरताना त्या उलट्या, पाठमोऱ्या उतरत. खालचा शेजारी, सफरचंदांचा बागायतदार, भला माणूस, दर वर्षी येऊन विचारायचा की बाग मला द्याल का, आणि त्या दर वर्षी पुढच्या वर्षी विचारा म्हणायच्या. या वेळी त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. मे महिन्यात सांगते, म्हणाल्या होत्या. तो सगळ्या वेली काढून तिथे सफरचंदं लावणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंही ते कधी लपवलं नव्हतं.

एप्रिलच्या मध्याला डोंगरांवरून फ्योन सुटला. हा आल्प्सवरून उतरणारा उबदार वारा. त्याच्यानं बाईंचं डोकं दुखायचं आणि वेली मात्र भराभर फुटायच्या. आठवड्याभरात अठरा ओळी कोवळ्या पानांनी भरल्या. एकोणिसावी ओळ वर झिपऱ्यांसारख्या काड्या घेऊन उभी. शेंड्यांना पानं आली तेव्हा अण्णांनी ती दोन दिवस लावून छाटली. छाटलेल्या काड्यांवर डोळे अजून मिटलेले, लोकरीत गुंडाळल्यासारखे.

आणि मग महिनाअखेरीस एका स्वच्छ पहाटे दहिवर पडलं, दव गोठून पानांवर बर्फ झालं. उजाडताच बाईंनी दारावर थाप मारली. एरवी त्या घंटा वाजवायच्या. मी आणि अण्णा स्वेटर चढवून मागे गेलो. ऊन वर येत होतं तसतशी पानं काळी पडत होती, भाजीला वाफ लागावी तशी मऊ होऊन लोंबत होती. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बाई खालीच, कुंपणाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांना वर जायचंच नव्हतं. अण्णा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. ऐन काढणीत अवकाळी पाऊस पडून घड तडकले होते, ते वर्ष अण्णांना आठवत असणार. मला आठवलं. आईनं त्या दिवशी चूलच पेटवली नव्हती.

"बाई, मुळं गेलेली नाहीत," अण्णा म्हणाले. मी भाषांतर केलं.

"मुळांना गुडघे नसतात, हेर कोलेगं," बाई म्हणाल्या. "मला आहेत."

आत जाऊन त्यांनी शेजाऱ्याला फोन केला. दुपारी चारला कॉफीला या, म्हणाल्या, तुमचं उत्तर देते. फोन ठेवून त्या रुबार्बचे आंबट देठ सोलायला बसल्या, केकसाठी. मला मात्र तिथे थांबवेना. मी कामाला सुट्टी टाकली आणि उगाच जिना पुसत बसले, पाळीनं पुसायचा आमचा आठवडा नसताना.

अण्णा दिसत नव्हते. तासाभरानं वरून त्यांची हाक आली. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी, शेतात मारतात तशी. मी धावत वर गेले. ते एकोणिसाव्या ओळीत उकिडवे बसले होते आणि बोटानं एक-एक डोळा दाखवत होते. एकही काळा नव्हता. लोकर तशीच, आणि लोकरीच्या फटीतून गुलाबी टोक दिसत होतं. मी खाली जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, हॅट घातली आणि चढायला लागल्या. प्रत्येक ओळीशी थांबत, काळ्या पानांकडे न बघता. वर पोचल्यावर त्या गुडघ्यांवर बसल्या. महिनाभरात मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्या वेलीपासून शेवटच्या वेलीपर्यंत, रांगत म्हणावं असं, सगळे डोळे बघितले. शेवटच्या वेलीजवळ त्या काहीतरी पुटपुटल्या. मला एवढंच ऐकू आलं: "तुम्हाला उशिरापर्यंत झोपू दिलं, ते बरं झालं."

त्यांना उठवायला मी आणि अण्णा दोघं लागलो.

चारला शेजारी आला. कोट घालून आला होता. बाईंनी त्याला केक वाढला, कॉफी ओतली आणि सांगितलं की बाग देता येणार नाही, प्रयोग अपुरा आहे. तो गोंधळला. मग बाईंनी त्याला शाळेतल्या मुलाला समजवावं तसं समजावलं. थंड हवा जड असते, खाली साचते. वरची ओळ वाचली ती उशिरा छाटल्यामुळे की नुसती उंचावर असल्यामुळे, हे आजच्या पुराव्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी पुढच्या वर्षी सगळ्यात खालची ओळ उशिरा छाटून बघावी लागेल. आणि एका वर्षाच्या निकालावर कुठलाही शहाणा माणूस विसंबत नाही, तेव्हा निदान पाच वर्षं.

मी हे अण्णांना हळूच सांगत होते. आपली पद्धत सिद्ध झालेली नाही हे ऐकून ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, बाई बरोबर बोलतात. शेजाऱ्यानं मान हलवली, केकचा दुसरा तुकडा घेतला, आणि जाताना म्हणाला की छाटताना वाकावं लागतं, खालची ओळ छाटाल तेव्हा मला हाक मारा.

मेअखेर अण्णा परत गेले. विमानतळावर ते मला सांभाळून राहा म्हणाले नाहीत. मेंढ्यांना आता बागेत सोडू देऊ नकोस, म्हणाले.

सप्टेंबरमध्ये तोडणी झाली. मी, बाई आणि शेजारी असे तिघं. बाकीच्या अठरा ओळींना नंतर पुन्हा फूट आली होती, पण घड कुठे एखादा. एकोणिसाव्या ओळीचे मात्र क्रेट भरले. त्या रसाचं एक लहान पिंप झालं. ते भरण्याआधी बाईंनी नळीनं थोडा ताजा रस बाजूला काढला, तापवला आणि सहा बाटल्यांत बंद केला. अण्णा माळकरी आहेत, थेंबभर दारू चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. वाईन होण्याआधीच त्यांचा वाटा काढायला हवा, म्हणाल्या.

डिसेंबरमध्ये मी दिंडोरीला गेले तेव्हा कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून त्यातल्या दोन बाटल्या नेल्या. बाईंनी बजावलं होतं की अण्णा पितील तेव्हा व्हिडिओ कॉल लावा. आम्ही दुपारी लावला. तिकडे सकाळ होती, बाई स्वयंपाकघरात, हॅट घालूनच. फोन त्यांनी सफरचंदांच्या टोपलीला टेकवला होता. अण्णा अंगणात खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून. मी स्टीलच्या पेल्यात रस ओतला. बाहेर आमच्या बागेत मणी फुगत होते. त्या द्राक्षांच्या गोडीवर वाढलेल्या माणसानं पहिला घोट घेतला आणि त्याचा डावा डोळा आपोआप मिटला. गाल आत गेले. मान एकदा झटकली गेली.

"आंबट आहे गं," अण्णा मला म्हणाले.

मी फोनकडे वळले आणि जर्मनमध्ये सांगितलं की त्यांना फारच आवडला, चव वेगळीच आहे म्हणतात.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "फ्राउ इंजेनिऊर," त्या म्हणाल्या, "त्यांच्या चेहऱ्याला भाषांतर लागत नाही."

मग मी खरं सांगितलं. आंबट म्हणाले. बाई हसायला लागल्या. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. टेबल हललं असावं, कारण फोन आडवा झाला आणि आम्हाला त्यांच्या स्वयंपाकघराचं नुसतं छत दिसू लागलं, आणि त्या छतातून हसू येत राहिलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. सफरचंदं जमिनीवर घरंगळल्याचा आवाजही आला. अण्णांना ते काय चाललंय ते कळलं नाही, पण ऐकता ऐकता त्यांनाही हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी पेला उचलला, डोळे घट्ट मिटले आणि उरलेला रस एका दमात पिऊन टाकला.

"अजून ओत," म्हणाले.